तीन टनांच्या आत

जुनी फोर-बाय-फोर घेऊन लांब जायचंय असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो टपावरच्या तंबूचा. दुसरा विंचचा, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या यंत्राचा. मग लाइटबार, स्नॉर्केल (इंजिनाची हवा टपाच्या उंचीवरून घेणारी नळी), फ्रिज. पुढच्या नकलमध्ये, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्यात, ग्रीस शेवटचं कधी भरलं होतं, असं आजवर मला एकानेही विचारलेलं नाही. आणि गाडी वाटेत बसली तर ती तंबू नाही म्हणून बसणार नाही. बसेल ती नकलच्या आतल्या, वर्षानुवर्षं कुणी तोंडही न पाहिलेल्या एखाद्या सीलपायी.

आमची गाडी लँड क्रूझर, १९९०च्या दशकातली, ८० मालिकेतली. इंजिन १एचझेड: ४.२ लिटर, सहा सिलिंडर, डिझेल, टर्बो नाही, इंजेक्शन पंप यांत्रिक. दोन्हीकडे अखंड अॅक्सल, चारही कोपऱ्यांवर कॉइल स्प्रिंग, चारही चाकांना कायम ओढ आणि मधलं डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) लॉक होणारं. चढावर मागे गाड्यांची रांग लागते, त्याची सवय करून घ्यावी लागते. पण ताकद कमी म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी गुंथर होल्टॉर्फ यांच्या गाडीचं उदाहरण देते. या जर्मन गृहस्थांनी १९८८ साली बनलेल्या मर्सिडीज जी-क्लासमधून २०१४ पर्यंत जवळपास ९ लाख किलोमीटर जग पालथं घातलं. इंजिन होतं ८८ अश्वशक्तीचं.

गाडी ताब्यात आल्यावर तिच्यात एकही वस्तू न भरता आम्ही तिला थेट वजनकाट्यावर नेलं. टाकीत डिझेल तळाला होतं, आत माणूस नाही. आकडा आला २,२५० किलो. मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. दारावरच्या प्लेटवर कंपनीने दिलेलं कमाल वजन तीन टनांच्या जरा आतलं आहे. म्हणजे माणसं, डिझेल, पाणी, हत्यारं, अंथरूण-पांघरूण, सगळं मिळून हातात राहतात सातशे किलो. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याशी ताडून पाहिला. ऐकायला सातशे भरपूर वाटतात. ते कसे संपतात ते पुढे येईलच.

त्याआधी गाडी कारखान्यातून निघाली होती तशी करायची होती. गाडीखाली शिरायचं, चासीवर इंचाइंचाने हातोडी वाजवत जायचं. निरोगी लोखंड खणखणतं, आतून खाल्लेलं बद्द वाजतं. रंग बघून काही कळत नाही. विकण्याआधी काळा रंग मारणं हा सगळ्यात जुना उद्योग आहे. आमच्या चासीच्या मागच्या भागात पाणी वाहून जाण्याची भोकं चिखलाने बुजली होती. तार घालून मोकळी केली तर आतून वाळलेला चिखल पडतच राहिला, पाटी भरली. नशिबाने गंज वरवरचा होता. घासला, प्राइमर लावला, आतून मेणासारखं गंजरोधक फवारलं. बॉडी जिथे चासीवर टेकते ते रबराचे गुटके मात्र चपटे झाले होते, ते सगळे बदलले.

जुन्या मालकाने काय काय केलं, कधी केलं, याबद्दल तोंडी इतिहास भरपूर मिळतो. मी तो सगळा बाजूला ठेवला आणि शून्यापासून सुरुवात धरली: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी), दोन्ही डिफरन्शियल, ब्रेक, क्लच, स्टिअरिंग, यांतलं प्रत्येक तेल काढून नवं. काढलेलं तेल फेकायच्या आधी बघायचं असतं, खरी पत्रिका तिथे असते. दुधट रंग आला तर पाणी शिरलंय. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असेल तर वयानुसार ठीक. बोटाला टोचणारा कीस निघाला तर आत काहीतरी झिजतंय नाही, तुटतंय. आमच्याकडे मागच्या डिफरन्शियलमधून नुसता लेप निघाला. पुढच्यातलं तेल मात्र काळपट आणि नको तेवढं दाट होतं. त्यावर येतेच.

तेल निवडतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. डिफरन्शियलसाठी जीएल-५ दर्जाचं तेल लागतं, पण त्यातली काही रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. त्यामुळे ‘एकच डबा सगळीकडे’ हा गॅरेजातला लाडका शॉर्टकट इथे नको. मॅन्युअल उघडायचं आणि प्रत्येक भागासमोर लिहिलेलं तेल घालायचं.

रबराचं वय किलोमीटरवर मोजत नाहीत, वर्षांवर मोजतात. गाडी शेडमध्ये उभी राहिली तरी रबर म्हातारं होतंच. ब्रेकचे होस, रेडिएटरचे पाइप, हीटरचे पाइप, पंख्याचे बेल्ट, सस्पेन्शनचे बूश, इंजिन माउंटिंग, सगळं एकदमच काढलं. आमचे मेकॅनिक काका या बाबतीत काटकसरी. रेडिएटरचा खालचा पाइप हातात दाबून म्हणाले, “ताई, अजून दोन वर्षं सहज जाईल हा. कशाला टाकताय?”

“काका, दोन वर्षांनी हा फुटेल तेव्हा तुम्ही असाल का शेजारी?”

“ते बाकी खरं,” म्हणाले आणि पाना उचलला. काढलेल्या पाइपांतले बरे दोन मात्र त्यांच्याच सांगण्यावरून सुट्या भागांच्या पेटीत गेले. चाललेला भाग बसतो हे नक्की माहीत असतं. नवीन डब्यातला बसेलच असं नाही.

टायमिंग बेल्टला या इंजिनात स्वतःचा दिवा आहे. दर १ लाख किलोमीटरला तो पेटतो. पण दिवा मीटरच्या आकड्यावर चालतो, आणि तीस वर्षांच्या गाडीत मीटर मूळचंच आहे याची हमी कोण देणार? बेल्ट, टेन्शनर, आयडलर एकत्र बदलले, तारीख आणि किलोमीटर झाकणावर पेंट पेनने लिहिले.

आता ते पुढचं दाट तेल. ८० मालिकेत पुढच्या अॅक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक पोकळ गोळा असतो. चाक वळतं ते या गोळ्याभोवती. आत सीव्ही जॉइंट असतो, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला ओढ पोचवणारा सांधा, तो मॉलिब्डेनमच्या काळ्या ग्रीसमध्ये बुडलेला. आणि डिफरन्शियलचं पातळ तेल व हे ग्रीस यांच्यामध्ये पहारा असतो एका साध्या ऑइल सीलचा. तो सील थकला की तेल गोळ्यात येतं, ग्रीस पातळ होतं, बाहेरच्या वायपर सीलमधून टायरच्या आतल्या अंगावर ओघळतं. थोडं ग्रीस उलट डिफरन्शियलमध्येही जातं, तेच आम्हाला दिसलं होतं. रबराने तीस वर्षं पहारा दिला, आणखी काय करावं त्याने? पण असंच पुढे गेलं तर सीव्ही जॉइंट आणि किंगपिनची (चाक ज्या खुंट्यांवर वळतं त्यांची) बेअरिंगं कोरडी पडतात, आणि मग पूर्ण वळणावर खट-खट-खट सुरू होतं.

हे काम काकांनी करायचं आणि मी बघायचं, असं नव्हतं ठरलं. एक बाजू त्यांनी, दुसरी मी. वाटेत उघडायची वेळ आली तर हात मलाच घालायचा आहे.

चाक काढलं, ब्रेकचा कॅलिपर सोडला. कॅलिपर ब्रेकच्या होसवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने स्प्रिंगला टांगायचा. मग टोपीखालची सर्कलिप आणि मग ड्राइव्ह फ्लँज, अॅक्सलची ओढ चाकाला देणारी चकती. त्याचे नट निघतात, फ्लँज निघत नाही. कारण प्रत्येक स्टडभोवती एक चिरलेला शंकूच्या आकाराचा वॉशर घट्ट रुतून बसलेला असतो. इथे नवखे लोक छिन्नी घालतात आणि फ्लँज खराब करतात. काकांनी पितळी दांडा घेतला, नट स्टडच्या तोंडापर्यंत उलटा फिरवून ठेवला आणि स्टडवर सरळ, नेमका घाव घातला. वॉशर ‘टण्’कन उडून बाहेर. सहाच्या सहा असेच. माझ्या बाजूचा चौथा हटून बसला. फ्लँजच्या कडेने चहूकडून ठोकत राहिले तेव्हा कुठे हलला.

आत बेअरिंगचे दोन नट आणि त्यांच्यामध्ये पाकळी वाकवलेला लॉक वॉशर. या नटाला ५४ मिलिमीटरचं सॉकेट लागतं. हे सॉकेट सगळीकडे मिळत नाही, म्हणून आमच्या हत्यारांच्या पिशवीत ते कायमचं गेलं. हब बाहेर आला, स्पिंडल सुटला आणि मग अॅक्सल ओढला तसं काळं, पातळ, कुबट वासाचं मिश्रण भळाभळा ट्रेमध्ये आलं. पुढचा बराच वेळ नुसती सफाई. डिझेल, ब्रश, चिंध्या, परत डिझेल. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळलं तर बाकीचं केलेलं फुकट आहे. जुन्या ग्रीसमधला लोखंडी कीस नव्या ग्रीसमध्ये राहिला की तो पॉलिश पेपरचं काम करतो.

सीव्ही जॉइंट स्वच्छ झाल्यावर त्याच्या आतल्या छोट्या गोळ्यांच्या खाचांतून नख फिरवलं. एका अंगाला हलकीशी झीज लागली. इथे जुन्या लोकांची एक युक्ती आहे: डावीकडचा जॉइंट उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. गाडीचं बहुतेक आयुष्य पुढे जाण्यात जातं, त्यामुळे खाचांची एकच बाजू झिजते. जागा बदलली की पुढे जाताना भार कोऱ्या बाजूवर येतो. आम्ही तेच केलं.

किंगपिनच्या बेअरिंगांच्या रेसवर मात्र रोलरच्या रेघा उमटल्या होत्या, सरळ पुढे पाहणाऱ्या चाकाच्या जागी. बोटाला स्पष्ट लागत होत्या. अशाने स्टिअरिंग मध्यावर अडखळतं. ती नवीन घातली. वरचे-खालचे शिम (ताण जुळवायच्या पातळ चकत्या) वेगवेगळ्या पाकिटांत, पाकिटांवर बाजू लिहून. जुळणी झाल्यावर स्टिअरिंगच्या आर्मला स्प्रिंगकाटा अडकवून गोळा ओढायला किती जोर लागतो ते मोजायचं, मॅन्युअलमधल्या आकड्यात बसलं नाही तर शिम बदलायचे. माझ्या बाजूला जोर कमी भरला, तेव्हा परत उघडून पातळ शिम. काकांची बाजू पहिल्याच फेरीत बसली. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, नुसते हसले.

चाकाच्या बेअरिंगचा ताण हाही असाच मोजूनच. ढिलं राहिलं तर चाक डुलतं, जास्त आवळलं तर बेअरिंग जळतं. पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरनंतर थांबून हबवर हात ठेवायचा. कोमट चालतं. हात काढावासा वाटला तर परत उघडा.

याच जोडीने डिफरन्शियलचे ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करायची तोंडं, वर नेले. तासभर चाललेलं डिफरन्शियल तापलेलं असतं. ते थंड नदीत उतरलं की आतली हवा आकसते, पोकळी होते, आणि ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर पाणी सीलमधून आत ओढलं जातं. उपाय क्षुल्लक आहे: ब्रीदरला नळी जोडून ती इंजिनच्या खोलीत उंचावर न्यायची, टोकाला छोटा फिल्टर. स्नॉर्केलपेक्षा हे आधी करावं असं माझं मत. पण नळी फोटोत दिसत नाही, त्यामुळे तिची जाहिरात होत नाही.

थंडाव्याच्या बाबतीत आम्ही जरा जास्तच भित्रे निघालो. रेडिएटर काढून आतून साफ करवला, थर्मोस्टॅट नवा, प्रेशर कॅप नवी. पंख्याच्या क्लचमधलं सिलिकॉन तेल कमी झालं होतं. इंजिन तापलेलं असतानाही पंखा हाताला सैल लागत होता. तेल भरल्यावर गुरगुरायला लागला. कॅपकडे कुणी बघत नाही, पण उंचीवर सगळी मदार तिच्यावर असते. ४,००० मीटरवर उघड्या भांड्यातलं पाणी सुमारे ८७ अंशांनाच उकळतं. इंजिन त्याहून गरम चालतं आणि तरीही उकळत नाही, कारण कॅप आतला दाब धरून ठेवते. आमच्या वाटेवर ताजिकिस्तानातला पामीर महामार्ग आहे आणि त्यावरची अक-बैतल खिंड ४,६५५ मीटरवर. निम्मं पाणी, निम्मं कूलंट (ग्लायकॉल) हे प्रमाण तिथे उकळण्यासाठीही उपयोगी आणि रात्री गोठण्यासाठीही. निम्म्या ग्लायकॉलचं मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत टिकतं.

त्याच उंचीवर इंजिनलाही दम लागतो. ४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के. टर्बो नाही, म्हणजे हवा तेवढीच कमी मिळणार. पंप मात्र यांत्रिक, तो पायाच्या हुकमाने डिझेल देत राहणार. न जळलेलं डिझेल काळ्या धुरातून बाहेर पडतं आणि सायलेन्सरकडचं तापमान चढतं. काही पंपांना उंचीनुसार डिझेल कमी करणारा भाग असतो, आमच्या पंपाला नाही. टर्बो लावून घ्या, असं सुचवणारे पुष्कळ भेटले. आम्ही नाही लावला. इंजिन जेवढं साधं तेवढं ते कुठल्याही वस्तीतल्या ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याला कळतं. चढावर खालचा गिअर, फेरे चढे आणि पाय हलका ठेवायचा. धूर दिसला की आणखी हलका.

डिझेलच्या वाटेवर मूळ फिल्टरच्या आधी एक जास्तीचा फिल्टर बसवला, तळाला पाणी सोडायची तोटी असलेला. दूरच्या ठिकाणी डिझेल पिंपातून, फनेल लावून मिळतं. त्यात पाणी आणि गाळ दोन्ही असतात, आणि इंजेक्शन पंपाचं वंगण डिझेलच असल्यामुळे पाणी त्याला थेट मारतं. फिल्टर बदलल्यावर हवा काढायची कशी हे अंधारात, हेडलँप लावून करून पाहिलं: फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप दाबत राहायचा, तो कडक होईपर्यंत.

ग्लो प्लगचं, म्हणजे थंडीत सिलिंडर आधी तापवणाऱ्या प्लगचं, काम एका संध्याकाळचं. वरची पट्टी काढायची, मल्टिमीटरने प्रत्येकाचा रोध मोजायचा. ज्याचा आकडाच येत नाही तो मेला. सहांतले दोन मेलेले निघाले. उकाड्यात गाडी अर्ध्या सेल्फला सुरू होत असल्यामुळे हे कुणाच्या लक्षातच आलं नसतं, आणि पहाटेच्या उणे दहात मात्र बरोबर आलं असतं.

वायरिंगमध्ये भर घालण्यापेक्षा काढून टाकण्यात जास्त वेळ गेला. आधीच्या मालकांच्या हौसेचे थर एकावर एक होते. कधीकाळच्या अॅम्प्लिफायरची तार, न लागणाऱ्या फॉगलाइटची तार, आणि एक जाडजूड लाल तार जी बॅटरीपासून फ्यूजशिवाय निघून कार्पेटखाली कुठेही न जाता संपत होती. या शेवटच्या तारेने गाडी कधी पेटवली नाही हे तिचे उपकार. सगळं उपटलं. नव्या प्रत्येक तारेला बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. अर्थिंगच्या जागा घासून चकचकीत केल्या, त्याने हेडलाइट आपोआप उजळले.

टायर १६ इंची रिमवरच ठेवले. मोठ्या रिमांचा मोह फोटोपुरता. दूरच्या गावात पिकअप आणि हलक्या ट्रकचे टायर मिळतात ते याच मापाचे. घेताना बाजूच्या भिंतीवरचा डॉट क्रमांक वाचायचा, शेवटचे चार आकडे म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष. ‘२३१९’ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एका दुकानात चकाकणारे, अगदी कोरे टायर काढून दाखवले. क्रमांक वाचला तर सहा वर्षांचे. नको म्हटलं. मऊ वाळूत हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवावी लागते, म्हणजे परत भरायला चांगला कंप्रेसर हवा. कंप्रेसरवर हात आखडू नये. रुतलेली गाडी बाहेर काढणारी पहिली वस्तू विंच नसते, कमी हवेचा टायर असतो.

आता ते सातशे किलो. मी आणि नवरा मिळून दीडशे धरले. भरलेली टाकी ९५ लिटरची, डिझेल पाण्याहून हलकं म्हणून ऐंशी किलो. चाळीस लिटर पाणी, चाळीस किलो. वीस लिटरचा भरलेला जेरीकॅन डब्यासकट एकवीस, असे दोन. दुसरी स्टेपनी रिमसकट चाळीस. फ्रिज आतल्या मालासह पस्तीस. दुसरी बॅटरी पंचवीस. हत्यारं आणि सुटे भाग ऐंशी. कपडे, अंथरूण, स्वयंपाकाचं सामान ऐंशी. इथवर पावणेसहाशेच्या आसपास आलं. त्यात लोखंडी बंपर आणि विंच मिळून शंभर, टपावरचा लोखंडी कॅरिअर पन्नास, तंबू साठ. गेलं सातशेच्या वर. आणि त्यातले एकशे दहा डोक्यावर, म्हणजे वळणावर आणि तिरप्या उतारावर गाडीला आडवं पाडायला सगळ्यात सोयीच्या जागी. टप किती वजन पेलतो हेही मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आणि तो आकडा सपाट रस्त्यासाठीचा असतो.

नवऱ्याचा जीव तंबूत अडकला होता. “लोक लावतातच की,” हा त्याचा मुद्दा. मी वही पुढे केली आणि म्हटलं, यातलं काय कमी करायचं ते तू सांग. त्याने आधी माझ्या कपड्यांकडे बोट दाखवलं, मग पाण्याकडे, मग बराच वेळ गप्प बसला. शेवटी मागची सीट निघाली आणि तिच्या जागी बारा मिलिमीटर प्लायवूडचा मंच आला, खाली सामान, वर झोपणं. मंचाचं वजन चाळीस, काढलेल्या सीटने त्यातलं बरंचसं परत दिलं. तंबू, कॅरिअर, विंच, लोखंडी बंपर, चारही रद्द. विंचच्या जागी फावडं, वाळूच्या दोन फळ्या, ताणणारा दोर आणि चासीला पक्के बोल्ट केलेले दोन हूक. ट्रेलरच्या बॉलला दोर अडकवून गाडी ओढू नये, हे इथे मुद्दाम लिहिते: बॉल तुटला की गोळीसारखा उडतो आणि त्याने माणसं मेली आहेत.

सुट्या भागांची पेटी भरताना निकष एकच ठेवला. मोडलं तर गाडी जागची हलणार नाही, आणि मोडलेलं मला रस्त्याकडेला बदलता येईल, असंच घ्यायचं. चाकाच्या बेअरिंगचा एक संच, नकलचे सील, प्रोपेलर शाफ्टचा एक क्रॉस, बेल्ट, पाइप, फिल्टर, ब्रेक मास्टर सिलिंडरचं किट, फ्यूज, रिले, होस क्लिप, मोजक्या मापांचे नट-बोल्ट, धातू सांधणारी लांबी (पुट्टी) आणि स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप. डिफरन्शियलचे गिअर नाहीत, इंजिनचे पिस्टन नाहीत. ते मोडले तर ट्रक शोधायचा.

सगळं भरून पुन्हा काट्यावर: २,८६० किलो. मागच्या अॅक्सलवर अपेक्षेपेक्षा जास्त भार होता, म्हणून पाण्याचा कॅन आणि हत्यारांची पेटी पुढच्या सीटच्या लगेच मागे ओढली. मागच्या स्प्रिंग एका दर्जाने जड घेतल्या, त्यापेक्षा जास्त नाही. जड स्प्रिंगवर हलकी गाडी उड्या मारते आणि शॉकअप तापतात.

चाचणीसाठी मुद्दाम खराब रस्ता निवडला, पन्हळी पत्र्यासारखा आडव्या लाटांचा. अशा रस्त्यावर गाडी खिळखिळी होते ती खड्ड्यांनी नाही, थरथरीने. निघण्यापूर्वी महत्त्वाच्या प्रत्येक नटावर आणि बाजूच्या धातूवर पेंट पेनने एक सलग रेघ ओढली होती. नट फिरला की रेघ तुटते; पाना न लावता, गाडीखाली नुसता टॉर्च फिरवून कळतं. रात्री पाहिलं तर मागच्या एका शॉकअपचा खालचा नट, बॅटरीची पट्टी आणि एक्झॉस्टचा हँगर, तिघांच्या रेघा सरकल्या होत्या. शिवाय मंचाच्या एका कोपऱ्याने दाराचं रबर खाल्लं होतं आणि भांड्यांच्या खोक्याने इतका आवाज केला की आम्ही एकमेकांशी बोलणंच सोडून दिलं होतं. नटांना लॉकनट आणि थ्रेडलॉक मिळालं, कोपरा रंध्याने गोल केला, भांड्यांमध्ये टॉवेल गेले. नकल कोरडे होते. ते मी दोनदा पुसून पाहिले.

राहिली कागदपत्रं. पाकिस्तान, इराण, इजिप्तसारखे देश गाडीसाठी ‘कार्ने द पासाज’ मागतात. गाडी विकणार नाही, परत बाहेर नेणार, याची ती कस्टम्सला दिलेली हमी. हा कार्ने एरवी वर्षभर चालतो. प्रत्येक पानाचे तीन भाग, एक आत शिरताना फाडतात, एक बाहेर पडताना, तिसरा शिक्क्यांसह तुमच्याकडे राहतो. बाहेर पडतानाचा शिक्का राहिला तर हमीची रक्कम अडकते, त्यामुळे सीमेवर कितीही रात्र झाली तरी पान उघडून शिक्का डोळ्यांनी पाहायचा. अर्जात इंजिन आणि चासी क्रमांकाबरोबरच रंग, सीटची संख्या, स्टेपन्या, असं सगळं विचारतात. आम्ही मागची सीट काढलेली, स्टेपन्या दोन. जे आहे तेच लिहिलं. चासीवरचा क्रमांक गंजाखाली पुसट झाला होता. तेवढाच भाग हलक्या हाताने साफ करून त्यावर पारदर्शक लॅकर मारलं, आणि टॉर्च कुठून धरला की आकडे वाचता येतात ते पाहून ठेवलं.

काही गोष्टी मुद्दाम सोडून दिल्या आहेत. एसीचा कंप्रेसर खडखडत होता, तो बेल्टसकट काढला. आठेक किलो वाचले. मागच्या दाराच्या खालच्या कडेचा गंज तसाच आहे, त्याने गाडी थांबत नाही. उजवीकडची मागची काच अर्ध्यावर अडकते आणि हाताने वर ओढावी लागते. काका म्हणाले, “आणा, अर्ध्या तासात करून देतो.” पण त्या दाराचा पत्रा उघडला की आणखी काय काय दिसेल ते मला आता ठाऊक आहे, म्हणून ती परत आल्यावर.